हवामानबदल शिकवताना ‘कशावरून?’ला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधून हवामानबदल कसा शिकवावा, यावर आपल्याकडे अलीकडे जी पत्रं छापून आली ती मी लक्षपूर्वक वाचली. बहुतेकांचं म्हणणं असं की विषय सक्तीचा करा, त्याला स्वतंत्र पुस्तक द्या, वेगळे गुण द्या. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते आणि विषयाच्या महत्त्वाबद्दल माझं दुमत नाही. पण नवं पुस्तक आणि आणखी एक परीक्षा आणण्याआधी आज जे शिकवलं जातं त्यातून मुलांच्या हाती काय लागतं, ते एकदा पाहायला हवं.

नववीपर्यंत पोचलेल्या मुलानं या विषयावर पुष्कळ ऐकलेलं असतं. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, झाडं लावा, दिवे बंद करा. निबंध लिहून झालेला असतो, पोस्टर रंगवून झालेलं असतं. मग मी विचारते, ‘हे कशावरून?’ आणि वर्ग गप्प होतो. कार्बन डायऑक्साइडमुळे उष्णता अडकते हे पहिल्यांदा कुणाला, कसं कळलं? हवेत वाढलेला हा वायू कोळसा आणि तेल जाळल्यामुळेच आला, हे कसं ओळखलं? लाखो वर्षांपूर्वी मोजायला माणूसच नव्हता, तर तेव्हाचे आकडे आले कुठून? या प्रश्नांना उत्तरं आहेत. ती फार सुंदर आहेत आणि शाळेतल्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या आवाक्यातली आहेत. ती बाजूला ठेवून आपण मुलांना फक्त निष्कर्ष देतो, तेही घोषणेच्या रूपात.

याचा परिणाम काय होतो, ते ओझोनच्या बाबतीत दिसतं. ‘ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून जास्त ऊन आत येतं, म्हणून पृथ्वी तापते’ हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलं आहे, पालकांकडूनही ऐकलं आहे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘पर्यावरणाच्या समस्या’ या एकाच मथळ्याखाली आपण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, मग मूल त्या जोडणारच. ओझोनचा प्रश्न आत येणाऱ्या अतिनील किरणांचा, हवामानबदलाचा प्रश्न बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा. आणि या दोहोंतला फरक मोजून दाखवता येतो. सूर्याकडून जास्त ऊर्जा येऊ लागल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात आपल्या जवळचं तपांबर तापतंय आणि त्याच्या वरचं स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल, हे स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदराल्ड यांच्यासह १९६७ मध्ये गणितानं मांडलं होतं. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आधी भाकीत केलं, मग मोजलं आणि ते जुळलं. विज्ञान म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

इतिहासाचंही तसंच. हा विषय गेल्या वीस-तीस वर्षांत निघालेलं खूळ आहे असं घरी ऐकून आलेली मुलं वर्गात असतात. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी त्यांना १८५६ सालात नेते. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि आतले तापमापक वाचले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. या वायूचं वातावरण पृथ्वीला अधिक तापमान देईल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. एडिसनच्या विजेच्या दिव्याला तेव्हा वीसहून अधिक वर्षं अवकाश होता. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की ऑक्सिजन आणि नायट्रोजन उष्णतेचे किरण जवळजवळ तसेच जाऊ देतात, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषतात. १८९६ मध्ये स्वांते अरेनियस यांनी हातानं आकडेमोड करून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचा अंदाज काढला. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या अभियंत्यानं जगभरच्या नोंदी जमवून तापमान वाढू लागल्याचं दाखवलं. एवढं ऐकल्यावर ‘हे सगळं हल्लीचं आहे’ म्हणणारं मूल स्वतःच पुढचा प्रश्न विचारतं: मग इतकी वर्षं लोक काय करत होते?

इथे मला एका प्रयोगाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण तो आता सगळीकडे केला जातो. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत व्हिनेगर आणि सोड्यापासून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड भरायचा, दोन्हींवर दिवा सोडायचा आणि तापमापक पाहायचे. वायूची बाटली जास्त तापते, मुलं टाळ्या वाजवतात, धडा संपतो. अडचण अशी की एवढ्याशा बाटलीत अवरक्त किरणांच्या, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या, शोषणाचा परिणाम अगदी नगण्य असतो. बाटली जास्त तापते याचं मुख्य कारण निराळं आहे: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो आणि बाहेरच्या गार हवेशी मिसळत नाही. ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये २०१० साली हे सविस्तर तपासलेलं आहे. तपासण्याची युक्तीही मुलांना कळेल इतकी सोपी आहे. कार्बन डायऑक्साइडच्या जागी आरगॉन वापरून पाहायचा. तो जवळजवळ तेवढाच जड, पण उष्णतेचे किरण न शोषणारा. म्हणजे वजनाचा परिणाम कोणता आणि शोषणाचा कोणता, हे वेगळं काढता येतं. फूट यांच्या नळकांड्यांनाही ही मर्यादा होतीच. उन्हातून थेट आलेली उष्णता आणि जमिनीकडून परत जाणारी उष्णता त्यातून वेगळी काढता येत नव्हती, ते काम टिंडल यांच्या उपकरणानं केलं.

कुणी म्हणेल, शाळेत इतकं खोलात कशाला जायचं? उत्तर तर बरोबरच येतंय ना! माझं मत याच्या अगदी उलट आहे. चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर देणारा प्रयोग दाखवला, तर उद्या समाजमाध्यमावर कुणी त्याच प्रयोगातली फट दाखवली की मुलाचा साऱ्या विषयावरचाच विश्वास उडेल. बाटल्या जरूर ठेवा, पण ‘आणखी कोणत्या कारणानं हे होऊ शकेल?’ हा प्रश्न त्यांच्यासोबत ठेवा. शोषणच दाखवायचं असेल, तर अवरक्त कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवावी. नळीपलीकडची मेणबत्ती डोळ्यांना लख्ख दिसत असते, पण नळीत कार्बन डायऑक्साइड भरत गेला की कॅमेऱ्याला तिची ज्योत अंधूक होत दिसेनाशी होते.

वर्गाला सर्वांत जास्त हलवून सोडतो तो रसायनशास्त्राचा एक साधा हिशेब. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. त्यात कार्बन सुमारे ६४० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे मुलांना अणुवस्तुमानांवरून काढता येतं. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २.३ किलो. इथे हमखास हात वर होतात. उत्तर चुकलं असणार, पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघेल? कुणी पुन्हा आकडेमोड करतं, कुणी शेजारच्याची वही बघतं. मी लगेच सांगत नाही. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, ऑक्सिजन हवेतून घेतला!’ वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागत नाही.

आणि याच उत्तरातून पुढचा पुरावा निघतो. जळताना हवेतला ऑक्सिजन वापरला जात असेल, तर हवेतला ऑक्सिजन कमी व्हायला हवा. तसा तो होतोय. राल्फ कीलिंग १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तो मोजत आहेत. (घट अतिशय सूक्ष्म आहे, श्वास घ्यायला काहीही कमी पडणार नाही, हे त्याच क्षणी सांगून टाकावं. नाहीतर घरी जाऊन कुणीतरी रात्रभर जागं राहतं.) समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडनं ऑक्सिजनमध्ये अशी घट झाली नसती. दहावीच्या मुलांना आणखी एक पायरी चढता येते. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात तो शिल्लकच नसतो. म्हणजे त्यांचा धूर हवेत मिसळला, तर हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण घटायला हवं. हान्स सूस यांना १९५०च्या दशकात झाडांच्या खोडांत नेमकी हीच घट आढळली. असे दोन-तीन वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा विषय शिकवते.

राल्फ यांचे वडील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दर दहा लाख रेणूंमागे ३१५च्या आसपास होता, आता ४२०च्या पुढे गेला आहे. हा आलेख मी मथळा आणि नावं झाकून वर्गात वाटते. रेषा वर चढत जाते हे सगळेच सांगतात. पण ती करवतीच्या दात्यांसारखी दरवर्षी खाली येऊन पुन्हा वर का जाते? कारखाने बंद असतात, पाऊस पडतो, समुद्र थंड होतो, अशी उत्तरं येतात आणि प्रत्येक उत्तर आम्ही तपासून पाहतो. आलेख मे महिन्यात सर्वांत उंच असतो आणि नंतर काही महिने उतरतो हे ध्यानात आलं, की कुणाला तरी झाडं आठवतात. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून वनस्पतीही जास्त. त्यांना पालवी फुटली की त्या हवेतून कार्बन खेचतात, पानं गळून कुजली की तो परत देतात. पृथ्वीवरच्या सगळ्या झाडाझुडपांचा श्वास एका कागदावर दिसतो. आणि मोजणी सुरू होण्याआधीचं काय? अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आहेत. त्यांतून आठ लाख वर्षांची नोंद मिळाली आहे, आणि त्या साऱ्या काळात हा आकडा कधी ३००च्या फारसा वर गेलेला दिसत नाही.

तापमानवाढ दीड अंशांच्या आत ठेवायची, हे मुलांनी ऐकलेलं असतं. ‘दीड अंशानं काय बिघडतं? सकाळ-दुपारच्या तापमानात याहून जास्त फरक असतो’ हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर गणिताच्या तासाला द्यावं. एका ठिकाणचं तापमान आणि साऱ्या पृथ्वीची वर्षाची सरासरी या निराळ्या गोष्टी आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा साधारण सहा अंशांनीच कमी होती. तेवढ्यानं समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. शिवाय वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे, हवेच्या वाट्याला उरलीसुरली येते. एवढं सांगितलं की दीड अंश क्षुल्लक आहे असं कुणी म्हणत नाही.

आता भीतीविषयी. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी आली. ५९ टक्के तरुण हवामानबदलामुळे अतिशय चिंतेत होते. ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की या भावनांचा त्यांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. हे वाचून काही पालक म्हणतात, मग शिकवूच नका. पण न शिकवल्यानं मूल अंधारात थोडंच राहतं? ते फोनवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहतं, ज्यात प्रमाण नसतं, कारण नसतं आणि पुढे काय हेही नसतं. ‘आपण मोठे होईपर्यंत जग संपणार आहे का?’ हे मला आठवीतल्या मुलीनं विचारलं आहे. तिला मी खोटा धीर दिला नाही. जग अमुक एका वर्षी संपणार नाही. दीड अंश ही कड्याची धार नाही, प्रत्येक दशांशाबरोबर नुकसान वाढतं आणि वाचवलेल्या प्रत्येक दशांशानं ते कमी राहतं. आणि फार थोड्या मुलांना माहीत असलेली गोष्टही सांगितली: जगाचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आलं, तर त्यामुळे होणारी तापमानवाढ जवळजवळ थांबेल, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाच्या अभ्यासाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालात आहे. समुद्र मात्र पुढची कित्येक शतकं चढत राहील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगायला हव्यात. धीर द्यायचाच तर ओझोनची पूर्ण गोष्ट सांगावी. १९८५ मध्ये छिद्राचा शोध जाहीर झाला, १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणारी रसायनं आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला, आणि अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास पूर्ववत होईल अशी अपेक्षा आहे. सौरऊर्जेचा खर्च २०१० ते २०१९ या काळात ८५ टक्क्यांनी उतरला, हाही आशेइतकाच अभ्यासाचा विषय आहे.

भीतीहून मला जास्त खटकतो तो मुलांच्या खांद्यावर टाकलेला भार. नळ बंद करणं, कचरा वेगळा करणं या चांगल्या सवयी आहेत, त्या लावाव्यात. पण जीवाश्म इंधनांतून दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि वीज कशापासून तयार करायची हे तेरा वर्षांचं मूल ठरवत नाही. ‘तुझ्यामुळे पृथ्वी वाचेल’ असं सांगून आपण त्याला फसवतो, आणि मोठं झाल्यावर ते त्याला कळतं. त्यापेक्षा किशोरवयीन मुलांना निर्णय कुठे आणि कसे होतात ते शिकवावं. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू या छोट्या देशानं ते उचलून धरलं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०२३ मध्ये ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगमधल्या या न्यायालयानं आपलं मत दिलं. नागरिकशास्त्राचा याहून जिवंत धडा कुठे मिळेल?

‘हवामानबदल खरा की खोटा’ अशा वादस्पर्धा शाळांनी घेऊ नयेत. माणसामुळे पृथ्वी तापली हे निःसंदिग्ध आहे, असं आयपीसीसीनं २०२१ मध्ये स्वच्छ शब्दांत म्हटलं आहे. खरे वाद पुढचे आहेत आणि ते मुलांना जरूर घालू द्यावेत: अणुऊर्जा हवी का, खाणी बंद झाल्या तर तिथल्या कामगारांचं काय, ज्या देशांनी आधी धूर सोडला त्यांनी किती पैसे द्यावेत. यात शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादू नये. माझीही याबाबत मतं आहेत, ती मी वर्गाबाहेर ठेवते.

लहान मुलांना, साधारण दहा वर्षांपर्यंत, यातलं काही नको. त्यांना तापमापक वाचू द्या. सावलीतलं आणि उन्हातलं तापमान रोज फळ्यावर लिहू द्या, कोणतं झाड कधी फुललं त्याची वही ठेवू द्या. स्वतः मोजलेल्या आकड्याची ज्याला ओळख झाली, त्याला पुढे दुसऱ्याच्या आकड्याला प्रश्न विचारता येतो.

युनेस्कोनं २०२१ मध्ये शंभर देशांचे अभ्यासक्रम आराखडे तपासले, तेव्हा ४७ टक्क्यांत हवामानबदलाचा उल्लेखही नव्हता. शिक्षकांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांना विषय महत्त्वाचा वाटत होता, पण त्याचं गांभीर्य आपण नीट शिकवू शकू असा विश्वास ४० टक्क्यांहून कमी जणांना होता. त्यामुळे स्वतंत्र पुस्तकापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आधी खर्च व्हावा, असं मला कळकळीनं वाटतं. आम्हाला भाषणं नकोत. खरी आकडेवारी हातात द्या, प्रयोग करून पाहायला वेळ द्या आणि विज्ञान, भूगोल, गणित, इतिहास शिकवणाऱ्यांना एकत्र बसवा. परीक्षेतही ‘हवामानबदलावर उपाय लिहा’ हा पाठांतराचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी एक आलेख द्यावा आणि विचारावं, यावरून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही?

आपल्याकडे एक विनंती आहे. मौना लोआवरची दर महिन्याची सरासरी सर्वांना विनामूल्य उपलब्ध असते. विद्यार्थ्यांच्या पानावर महिन्यातून एकदा तो आकडा आणि शेजारी गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा छापावा. जागा दोन ओळींची लागेल. आमची मुलं त्यावरून स्वतःचा आलेख काढतील. आकड्याखाली तो कुणी आणि कसा मोजला हेही द्यावं, मुलं पहिल्यांदा तेच विचारतात.

आपली,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षिका